धोंड्यात अडकलं सुकरीचं पिच्चर

१६ जुलै २०२३, रविवार

सुकरी सापडली! माह्या मोबाईलात आहे. एक्केचाळीस वर्षांनी!

घाईत अक्षर वाकडं येते. येऊ दे. ही वही कोणाले दाखवायची आहे?

सकाळी माही नात पुनम आली. चंद्रपूरले कॉलेजात शिकते. चप्पलही काढली नाई अन् म्हणे, "आजी, तुह्या गावात शूटिंग झालं होतं ना? त्या पिच्चरचं नाव 'धुऱ्यापल्याड'. आमच्या मॅडमनं वर्गात सांगतलं." हे नाव आमच्या गावात कोणाले माईत नव्हतं. आम्ही आपलं 'शूटिंगवालं पिच्चर' म्हणायचो. मुंबईवाले आले, आठ दिवस राह्यले, आमच्या धानाच्या बांधीत रोवणीचं गाणं काढलं अन् गेले. बाजूच्या मूल शहरातल्या टॉकीजले ते कधी लागलंच नाई. आम्हाले वाटलं, पिच्चर बुडालं.

पुनमनं मोबाईलात शोधलं तर हाजिर! विकत नाई, भाड्यानं भेटते म्हणे. धान चुरायची मशीन भाड्यानं आणतात, लग्नातल्या खुर्च्या आणतात. आता पिच्चरही! तिनं घेऊन देलं. वर एक लहान फोटो आहे, बांधीत वाकलेल्या बाया, एकेक बाई मुंगाच्या दाण्याएवढी. तिसरी, हिरव्या लुगड्याची — ते सुकरी! तोंड खाली आहे. पण मी तिच्या बाजूले रोवत होती, मले समजणार नाई तर कोणाले?

पुनमनं तीनदा समजावलं. हे दाबलं का पिच्चर सुरू. सुरू झालं का दोन दिवसांत पाहून घ्यायचं. नाई दाबलं तर तीस दिवस राह्यते. मी म्हटलं, आता कोणी दाबायचं नाई. मंगली येऊ दे.

मंगली सुकरीची एकुलती एक पोरगी. दोन वर्षांची होती, तवा सुकरी दुसऱ्या बाळंतपणात गेली. शूटिंग झालं त्याच वर्षी, दिवाळीनंतर. घरात फोटो एक नाई. मंगलीले मायचं तोंडच माईत नाई. आज त्रेचाळीसची झाली, तरी कोणी म्हातारी बाई भेटली का विचारते, "माही माय दिसाले कशी होती वो?" अन् आम्ही सांगतो, "चांगली होती." चांगली म्हणजे काय! मलेही आता नाक-डोळे आठवत नाईत, खरं सांगायचं तर. फक्त हसणं आठवते.

मंगली रोवणीच्या बायांसंगं नागभीडकडे गेली आहे, बुधवारी येते. मोबाईल खणात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला.

१९ जुलै

मंगली आली. पायाचा चिखलही वाळला नव्हता. "मावशी, खरंच का वो?"

दाखवलं. "यातली कोणती?" मी म्हटलं, तिसरी. तिनं बोट नेलं तशी मी वरडली, "दाबू नको वं!" विंचू दिसल्यावानी हात मागं घेतला तिनं.

आता गोष्ट अशी का कालपासून धोंड्याचा महिना लागला. धोंड्यात लग्न नाई, वास्तू नाई, नवं काहीच सुरू करत नाईत. अन् आयुष्यात पह्यल्यांदा मायचं तोंड पाहाचं ते धोंड्यात? मी म्हटलं नाई.

मंगली म्हणे, "माय पाहाले कशाचा मुहूर्त वो मावशी?"

"एवढी वर्षं थांबली, एक महिना थांब."

मंगली उलटून बोलत नाई. तीच तिची खोड.

तीस दिवसांचं मी पाह्यलं आहे. धोंडा म्हणजे वरचा महिना, मोजणीत नसते. श्रावण यंदा दोन आहेत, पण सोमवार आपण दुसऱ्याच श्रावणात धरतो. तसे हे तीस दिवसही धोंडा सरल्यावर लागतील. मले शहाणं वाटून राह्यलं स्वतःले.

२३ जुलै

पोराचा फोन आला होता, तांदळात वाजत राह्यला. उचलाले गेली तर भेव वाटलं, भलतंच दाबलं जाईन. संध्याकाळी त्यानं शेजारच्या फोनवर बोंब मारली, "माय, जिवंत हायस ना तू?"

१ ऑगस्ट

पाणी धो धो. रोवणी सरली. जंगलात सात्या उगवल्या, मंगलीनं टोपलंभर आणल्या. अशा पांढऱ्या, छत्रीवानी. कांदा अन् हिरवा सांभार चिरून टाकून केल्या. मटण काय लागते त्याच्यापुढं! खाताना तिनं विचारलंच, "मोबाईल बरा हाय ना?" जशी आजारी वासराची चौकशी. रोज विचारते.

आज तिले सगळं सांगतलं. शूटिंगवाल्या साहेबानं आम्हाले बजावलं होतं, रोवत रोवत मागं सरका, गाणं म्हणा, मशीनकडे पाहू नका. आम्ही पाह्यलं नाई. सुकरी मात्र मधातच उभी झाली, मनगटानं घाम पुसला, सरळ मशीनकडे पाहून हसली! साहेब वरडला. पुन्हा केलं. पुन्हा हसली! तिसऱ्यांदाही तेच. मंग साहेबच हसला अन् म्हणे, राहू द्या.

"हसली काऊन वो?" मंगली विचारे.

"अवं, ते मोठे लोक चपला घालून बांधीत उतरले होते. एकाची चप्पल चिखलानं गिळली, तो चार जणांले घेऊन शोधत होता!"

मंगली एवढी हसली का सात्या घशात अडकली.

एक मात्र मी तिले बोलली नाई. साहेब राहू द्या म्हणाला, पण पिच्चरमधी ते ठेवलं का कापलं, मले माईत नाई.

१७ ऑगस्ट

काय लिहू.

काल धोंडा सरला. आज सकाळी घर सारवलं, देवापुढं दिवा लावला. मंगली ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तिचा नवरा धनराज आला, पोरगी चंचल आली. नारळ फोडलं. मी मोबाईल काढला अन् दाबलं.

इंग्रजी अक्षरं आली. चंचलनं वाचलं अन् मायकडे पाह्यलं.

"काय म्हणते?"

"मुदत सरली म्हणते आजी. परवाच."

पुनमले फोन लावला. "अवं आजी, तीस दिवस म्हणजे तीस दिवस! कंपनीले धोंडा कुठून समजन?"

सगळे माह्याकडे पाहून राह्यले. मंगली नाई. तिनं पदराची घडी घातली, पुन्हा घातली, अन् म्हणे, "जाऊ द्या मावशी. चुकते माणूस." त्यापेक्षा शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुनम म्हणे, रडू नको, पाच मिनिटांत पुन्हा भाड्यानं घेतो. पाच मिनिटांनी तिचा फोन, "आजी, आता ते भेटतच नाई. जुलै सरला अन् तिथून काढलं."

१८ ऑगस्ट

खोबरं तसंच ताटात पडून आहे. कोणी प्रसाद खाल्ला नाई.

२० ऑगस्ट, रविवार

पुनम मुद्दाम आली समजावाले. म्हणे, पिच्चरचं लायसन संपलं.

मी म्हटलं, लायसन? मागं धनराजचं गाडीचं लायसन संपलं होतं, पोलिसानं नाक्यावर थांबवलं. पण पिच्चरले कोणती गाडी चालवाची आहे?

पुनम डोकं धरून बसली. धनराजच बोलला. तो ढिवरांच्या सोसायटीत आहे, गावच्या तलावात मासोळी धरते. म्हणे, "मावशी, आपला तलाव पाहा. आमचा ठेका सरला का दुसरा होईस्तोवर जाळं टाकता येते का? नाई. मासोळी मेली का? नाई. पाणी आटलं का? नाई. काठावर बसा, उड्या मारताना दिसते! पण हात लावाचा नाई. तसंच हे. पिच्चर एका कंपनीचं, दाखवाचा ठेका मोबाईलवाल्याचा. ठेका सरला, त्यानं जाळं गुंडाळलं."

पुनम म्हणे, "धनराजकाका, तुम्ही आमच्या कॉलेजात शिकवाले या!"

म्हणजे मी धोंडा पाळला नसता तर? तीसच्या तीस दिवस सुकरी तांदळाच्या डब्यात होती. आम्ही तिच्या बाजूले बसून सात्या खाल्ल्या.

पुढची मजा ऐका. दुसऱ्या एका ठिकाणी ते पिच्चर दिसते, पण दाबलं का म्हणते, तुमच्या देशात भेटणार नाई. पुनमच्या मैत्रिणीचा भाऊ दुबईले आहे, त्याले भेटते! प्रत्येक देशाचा ठेका वेगळा म्हणे. आमच्या बांधीचा चिखल दुबईवाले पाहून राह्यले, अन् आम्ही बांधीत बसून नाई. त्याच्याकडून फोनवर दाखवून घ्या म्हटलं, तर त्याच्या फोनवर ते उतरवताना सगळं काळंच दिसते. चंचल म्हणे, मंग चोरीचं शोधते. सापडलं! पाह्यलं तर भलतंच, मारामारीचं निघालं.

आधी पिच्चर डब्यात यायचं, बैलबंडीवर तंबू यायचा. आलं तर आलं, नाई तर नाई. आता ते कुठीही नाई अन् सगळीकडे आहे. डोक्यात बसत नाई. एवढंच बसते का, वस्तू असणं वेगळं अन् ते आपल्याले पाहू देणं वेगळं.

अन् सुकरीच्या हसण्याचा ठेका कोणी कोणाले देला? तिनं तर कोणत्या कागदावर अंगठाही लावला नव्हता.

२ सप्टेंबर

पुनमनं कंपनीले चिठ्ठी धाडली होती, मोबाईलवरून. काय लिहाचं ते मी सांगतलं. आज मुंबईहून फोन! रीना मॅडम. बोलणं एकदम पुस्तकातलं, पण गोड.

"आजी, चित्रपट आमच्याकडे आहे. पण आत्ता तो दाखवायची परवानगी आम्हालाच नाही. नवीन लोकांशी बोलणी चालू आहेत. त्यांची अट आहे, तोवर भारतात कुठेच दाखवायचा नाही."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या घरात भाकर आहे अन् तुम्हालेच खाता येत नाई?"

हसली. म्हणे, "अगदी तसंच आहे."

"मले सगळं नको. एकच बाई पाहाची आहे. हिरव्या लुगड्याची. तिची पोरगी इथी बसली आहे, तिनं मायले पाह्यलं नाई."

फोटो काढून धाडा म्हटलं, तर म्हणे, तेही त्याच कागदात बांधलेलं आहे, नोकरी जाईल. मी म्हटलं, नको बाई, तुही नोकरी नको जाऊ दे. एवढंच पाहून सांग, ते हसते का कापलं?

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "आहे, आजी. सरळ बघते आहे. हसते आहे."

मी मंगलीचे दोन्ही हात धरले. "हाय वं! ठेवलं साहेबानं!"

मंगलीनं हात सोडवून घेतले. म्हणे, "बरं झालं." अन् माहेच भांडे घासाले बसली. घासलेलेही पुन्हा घासले.

१४ ऑक्टोबर

धान लोंब्यावर आलं. माकडांनी परसातले दोडके नासवले. मंगली आता मोबाईलचं विचारत नाई. येते, बसते, बाकी सगळं बोलते. तिनं विचारावं म्हणून मी मोबाईल मुद्दाम समोर ठेवते. ते त्याच्यावरून नजर नेते अन् दोडक्यांचं बोलते.

९ नोव्हेंबर

चंचल पळत आली, श्वास मावत नव्हता! पुनमचा फोन होता तिले. नवा ठेका झाला! दुसऱ्याच कोण्या ठिकाणी आलं, तिथी आणखी दोन-चार जुने मराठी आहेत म्हणे. किती दिवसांचं विचारलं. म्हणे, ते कोणी सांगत नाई, आहे तोवर आहे.

मंगली बांधीत धान कापून राह्यली आहे. चंचल म्हणे, तिले घरी बोलावते, दिवा लावू. मी म्हटलं, नको दिवा. आज एकादशी आहे का अमावस्या, मले सांगूही नको. मोबाईल घे, बांधीच्या धुऱ्यावरच जाऊ.

चप्पल कुठी गेली? राहू दे.

१० नोव्हेंबर

पाह्यलं. मंगली कापलेल्या धानावर बसली, चंचलनं गाण्यापर्यंत सरकवलं. सुकरी उभी झाली, घाम पुसला, हसली. दोन श्वास घ्यावे एवढंच. चार वेळा लावलं. मंगली रडली नाई. पाचव्यांदा तिनं मोबाईल स्वतःच्या हातात घेतला, सुकरी हसताना थांबवाले लावलं, अन् म्हणे, "मावशी, हे तर लहान पोरगी हाय वो. माह्या चंचलहून लहान."

मंग त्या तोंडावर आलेलं ऊन हातानं झाकलं अन् मले विचारलं, "त्या दिवशी जेवली होती का वो हे?"

मले आठवत नाई. मी हो म्हटलं.