अकरा ठोक्यांच्या गाण्यातला गायक

हेर्ने, रविवार, १४ ऑक्टोबर १९९०

तीर्थस्वरूप एलफ्रीडे मावशीस,
ओटमारचा नमस्कार.

तुझा खुबा आता कसा आहे? नवा सांधा बसवल्यापासून तू जिना चढतेस असं आई म्हणाली, पण आई हल्ली सगळ्यांबद्दल चांगलंच बोलते (शेजारणींना ती मी ‘संगीताच्या क्षेत्रात’ आहे असं सांगते आणि विषय बदलते), तेव्हा खरं काय ते तूच कळव. तुझा मनुकांचा केक पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा तालमीला नेला. इकडे मी ठीक आहे. म्हणजे पेयांच्या दुकानातली नोकरी ठीक आहे, पाण्याचे आणि बिअरचे क्रेट घरोघर पोचवतो, गाडी चालते, भूक लागते. मान सोडून सगळं ठीक आहे. मानेचं पुढे येईलच. पत्र लांबणार आहे, तेव्हा खुर्चीत उशी घेऊन बस.

आमच्या बँडचं नाव तुला आठवत असेल, ‘रोस्ट’. (गंज या अर्थी. मांस भाजायची जाळी या अर्थी नव्हे. मागच्या नाताळात तू सगळ्यांसमोर तसं विचारलं होतंस आणि काका खूप हसले होते.) सात वर्षांत आम्ही तीन रेकॉर्डी काढल्या आणि तिन्हींतली गाणी मिळून जितका वेळ होतो, तितक्यात तुझ्याकडे बटाटेसुद्धा नीट उकडत नाहीत. थ्रॅश म्हणतात त्याला. गिटार पळतं, ड्रम त्याच्या मागे पळतो आणि दोघांच्या पुढे मी ओरडत असतो. मला गाता येत नाही, ओरडता येतं, आणि हे मी कमीपणाने सांगत नाही. ‘आम्लाचा पाऊस’ या आमच्या गाण्यात मी दोन मिनिटं दहा सेकंदांत दोनशे चौऱ्याहत्तर शब्द ओरडतो आणि श्वास फक्त दोनदा घेतो. लोक पुढच्या रांगेत एकमेकांच्या अंगावर पडायचे, घामाने निथळायचे आणि कार्यक्रम संपल्यावर येऊन मला मिठी मारायचे. मला तेवढं पुरत होतं.

मग गिस्बर्टच्या मणक्यातली चकती सरकली. गिस्बर्ट म्हणजे आमचा गिटारवाला, शाळेपासूनचा मित्र, गाणी तोच रचतो. सहा आठवडे त्याला इस्पितळात पाठीवर झोपवून ठेवला. आम्ही फुलं नेली. त्याच्या थोरल्या भावाने मात्र सत्तर सालच्या आसपासच्या रेकॉर्डी नेल्या, ज्यांत एका बाजूला एकच गाणं असतं, आणि त्यांच्यासोबत स्वरशास्त्राचं एक जाडजूड जुनं पुस्तक. फुलांनी कोणाचं काही बिघडत नाही, मावशी. सगळं त्या पुस्तकाने बिघडवलं. गिस्बर्ट बरा होऊन तालमीला आला तो कंबरेला पट्टा आणि काखेत कागदांची भेंडोळी घेऊन. म्हणाला, चार ठोक्यांत जग मावत नाही. आम्ही म्हटलं, आपलं तर आजवर मावलं की. तो ऐकेना. आता सात, नऊ आणि अकरा ठोके. मध्येच सगळं थांबतं, एकटं गिटार हळुवार किणकिणतं, मग पुन्हा दणका. आता आम्हाला थ्रॅश म्हणायचं नाही, ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणायचं. म्हणजे पुढे जाणारे. (पुढे कुठे, ते विचारलं तर तो खिडकीबाहेर बघतो.)

अन्सगार, आमचा ड्रमवाला, यामुळे खूश आहे की बिघडलाय हे त्याच्या बायकोलाही कळत नाही. परवा तिने विचारलं, बटाटे किती वाढू? तर म्हणाला, अकरा, पण शेवटचा अर्धा. लुट्स गिटारावर खालचे सूर वाजवतो, तो काहीच बोलत नाही. पण लुट्स पूर्वीही काही बोलत नसे, त्यामुळे त्याच्यावरून अंदाज करता येत नाही. आता राहिलो मी. नव्या रेकॉर्डवरचं मोठं गाणं ‘कालव्यावरचं धुकं’ सतरा मिनिटांचं आहे. सुरुवातीला मला चार ओळी, शेवटी आठ. मध्ये साडेनऊ मिनिटं मला काही नाही. आणि ओळी तरी कशा, ‘काळ म्हणजे कठड्यावाचून जिना.’ हे ओरडून कसं सांगायचं? म्हणून ते हळू म्हणायचं. मी हळू म्हटलं की दम्याचा माणूस पत्ता विचारतोय असं वाटतं.

पण ओळींचं मी जमवलं असतं. खरा घोर त्या साडेनऊ मिनिटांचा. हातात गिटार नाही, समोर ड्रम नाही, तीनशे लोक बघताहेत, आणि माणसाने करायचं काय? आधी मी नेहमीसारखी मान हलवायला गेलो. चार ठोक्यांवर मान आपोआप हलते, अकरावर मान वर असते तेव्हा गाणं खाली गेलेलं असतं. तिसऱ्या तालमीत मानेत कट्ट झालं. डॉक्टरने धंदा विचारला, मी गायक म्हटलं, त्याने माझं तोंड उघडून घशात बॅटरी मारली. घसा ठणठणीत, मान कामातून गेलेली. पंधरा दिवस पट्टा घालून क्रेट पोचवले, तेव्हा म्हाताऱ्या बायका मला बसायला खुर्ची द्यायच्या आणि क्रेट स्वतः उचलायच्या. (हे आईला सांगू नकोस.) मग हाताची घडी घालून पाहिली, तर बसची वाट बघत असल्यासारखं दिसलं. मग घुंगरांची डफली मिळाली, ती दुसऱ्याच दिवशी अन्सगारने काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. मग गिस्बर्ट म्हणाला, नुसता उभा राहा, पण विचारपूर्वक. त्यासाठी मला पांढरा शर्ट, केस मागे बांधलेले, आणि चष्मा. (चष्म्याशिवाय मी त्याने नव्याने आणलेल्या कीबोर्डच्या स्टँडवर दोनदा आपटलो होतो.) आरशात पाहिलं तर समोर विम्याचा माणूस उभा.

आता बावीस सप्टेंबरचं ऐक. इथल्याच एका युवक केंद्रात संध्याकाळचा कार्यक्रम होता, हॉल भरलेला, जुनी मंडळी सगळी आलेली. ‘कालव्यावरचं धुकं’ सुरू झालं. माझ्या चार ओळी मी म्हटल्या. मग ती साडेनऊ मिनिटं सुरू झाली. पहिल्या मिनिटात मी विचारपूर्वक उभा राहिलो. दुसऱ्या मिनिटात पुढच्या रांगेतला एकजण माझ्याकडे बघून कणवेने मान हलवताना दिसला. वाटलं, मागे जाऊन पाणी पिऊन येऊ, साडेसात मिनिटं आहेत. मागे नळ नव्हता. एक दार होतं, ते उघडून बाहेर पाऊल टाकलं, आणि दार पाठीमागे धाडकन बंद झालं. बाहेरून त्याला कडी नाही, मूठ नाही, काही नाही. कचऱ्याचे डबे आणि मी.

इमारतीला वळसा घालून धावत पुढच्या दाराशी आलो. तिथे हातावर शिक्का मारायला कालुझाबाई बसलेल्या. केंद्राची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते. त्यांनी विणकाम खाली न ठेवताच विचारलं, “शिक्का दाखवा.”

“शिक्का नाही. मी गायक आहे.”

“असा एक तरी रोज येतो.”

“अहो, आत जो बँड वाजतोय ना, त्याचा गायक.”

“मग आत असायला हवं. बाहेर काय करताय?”

“आत्ता मला काम नाहीये. तीन मिनिटांनी आहे.”

बाईंनी कान देऊन ऐकलं. “खरंच की हो, कोणी गात नाहीये. बराच वेळ झाला. मला वाटलं, माइक गेला.” मग विणकामाचे दोन टाके घालून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “मग त्यांना तुमची गरज काय?”

मावशी, हा प्रश्न मी गिस्बर्ट इस्पितळातून आल्यापासून मनातल्या मनात टाळतोय. तो शिक्क्याच्या डबीमागून असा सरळ येईल, असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात आतून हाइनर बाहेर आला. हाइनर म्हणजे आमचा सगळ्यात जुना श्रोता, दरवाजाएवढा माणूस, जीनच्या जाकिटावर ‘रोस्ट’ हे नाव त्याच्या आईने शिवून दिलेलं. सात वर्षांत एक कार्यक्रम चुकवला नव्हता. मला पाहून त्याने ओळख दाखवली नाही. दाराबाहेर अंधार होता, शर्ट आणि चष्मा तेवढा दिसला, म्हणून केंद्राचा कारकून समजला असावा. सिगारेट पेटवून मलाच सांगायला लागला.

“साहेब, तुम्ही आत जाऊ नका. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. कधी संपणार कळत नाही, आणि मध्येच दुखतं.”

“इतकं वाईट आहे?” मी विचारलं.

“वाजवतात चांगलं हो. हात चालतात त्यांचे. पण तो आपला ओटमार! हात कुठे ठेवू म्हणून बघत असतो बिचारा. लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा. मला ते बघवेना. आता तर तोही गेला निघून. शहाणा आहे.”

तो मीच, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे संगीत माझ्या जागेपाशी येऊन थांबलं. एक सेकंद. दोन सेकंद. माझी ओळ आली आणि मी रस्त्यावर. मग आतून पुन्हा ते अकरा ठोके सुरू झाले. गायक नाही म्हटल्यावर गिस्बर्टने सगळा मधला भाग पहिल्यापासून परत घेतला होता! तीनशे माणसांना आणखी साडेनऊ मिनिटं, माझ्यामुळे.

मग मी काय केलं, ते मला स्वतःला नीट आठवत नाही. हाइनर म्हणतो की मी चष्मा काढला, केस सोडले आणि ‘आम्लाचा पाऊस’ची पहिली ओळ अशी ओरडलो की समोरच्या पावाच्या दुकानातली बाई दार उघडून बाहेर आली. कालुझाबाईंच्या सुया खाली पडल्या. हाइनरच्या तोंडातली सिगारेट पडली. “ओटमार?” तो म्हणाला. “अरे, तू?” कालुझाबाई म्हणाल्या, “जा बाबा, जा आत, पण असं पुन्हा ओरडू नकोस.”

हाइनर पुढे, मी मागे. तो गर्दीतून नांगरासारखा घुसला, तरी अर्ध्या वाटेवर आम्ही असे अडकलो की आठ मिनिटं ना पुढे ना मागे, आणि तिथेच माझी जागा दुसऱ्यांदा आली. माइक स्टेजवर, मी तिथून वीस पावलं लांब. हळू म्हणून कोणाला ऐकू जाणार? तेव्हा काळ, कठडा, जिना, धुकं, त्या आठच्या आठ ओळी मी जुन्या आवाजात ओरडलो. लोक गर्रकन वळले. आधी कोणाला कळेना, मग एकदम सगळे उसळले, एकमेकांच्या अंगावर पडायला लागले, हाइनरने मला उचलून लोकांच्या हातांवर टाकलं आणि मी शेवटची ओळ आडवा पडून, छताकडे बघत म्हटली. स्टेजवर पोचलो तेव्हा अन्सगारने मोजणं सोडून दिलं होतं. लुट्स हसत होता. लुट्सला दात आहेत हे मी तेव्हा पाहिलं.

नंतर मागच्या खोलीत गिस्बर्ट बराच वेळ गिटार पुसत बसला. मला वाटलं, आता संपलं, शाळेपासूनची दोस्ती आता इथेच बसून मोडणार. तो म्हणाला, “तू एका ठोक्याने उशिरा आलास.” त्याने फडकं खाली ठेवलं. “पण ऐकताना बरोबर वाटलं.” मग त्याने पेन्सिल काढली आणि कागदावर लिहून ठेवलं.

ते लिहिणंच माझ्या मुळावर आलंय. एका मासिकात छापून आलं की रोस्टने संगीताला नाट्याची जोड दिली, गायकाचं गर्दीतून येणं हा या वर्षातला सगळ्यात धाडसी विचार आहे. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात मी दुसऱ्या मिनिटाला मागच्या दाराने बाहेर जायचं, इमारतीला वळसा घालायचा आणि साडेनऊ मिनिटं संपायच्या आत पुढून आत यायचं. नोव्हेंबरात नऊ गावं आहेत. प्रत्येक इमारत वेगळी. एका ठिकाणी मागचं दार कालव्यावर उघडतं, असं ऐकलंय. एका ठिकाणी इमारत चारी बाजूंनी दुसऱ्या घरांना चिकटलेली आहे, म्हणजे वळसा गावाला घालायचा. मी रोज क्रेट पोचवून झाल्यावर घड्याळ लावून धावण्याचा सराव करतो. हाइनर नऊच्या नऊ गावांना येणार आहे, मला वाट काढून द्यायला. म्हणाला, तू ओरडणार असशील तर बाकीच्यांनी वाट्टेल तितके ठोके वाजवावेत. तेवढा एक आधार आहे.

असो. काकांना नमस्कार. तू फार वेळ उभी राहू नकोस.

तुझा,
ओटमार

ता. क. मूळ सांगायचं राहिलंच. पुढच्या रेकॉर्डवर एकच गाणं आहे, एकेचाळीस मिनिटांचं, आणि शेवटची सहा मिनिटं गिस्बर्टला बायकांचा समूहस्वर हवा आहे. ती सहा मिनिटं माझी होती. तू चर्चमध्ये शिकवतेस त्या गायिकांची कॅसेट मीच त्याला दिली, गाडीत ऐकायला म्हणून, ही माझी चूक. तो तुला फोन करणार आहे. मावशी, हात जोडतो, नाही म्हण. सगळ्या बायका आजारी आहेत म्हण. पाळक परवानगी देत नाहीत म्हण.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात गिस्बर्ट येऊन गेला. तू गेल्या मंगळवारीच हो म्हणालीस, असं तो सांगतो. शिवाय त्याने पाठवलेल्या कागदांत तू दोन चुका काढून दिल्यास, म्हणून तो सकाळपासून कोणाशी धड बोलत नाहीये. तेव्हा वरची विनंती रद्द समज. फक्त, तुमच्यात ओरडणाऱ्या माणसाला शेवटच्या रांगेत जागा असते का, आणि येताना काळे बूट घालू की तपकिरी, तेवढं उलट टपाली कळव.