पात्याला दात नसतो

३ मार्च, सोमवार

पाटी आली! मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं — 'येथे कात्र्या, सुऱ्या, वस्तरे यांना शास्त्रशुद्ध धार लावून मिळेल.' पेंटर महाशयांनी 'शास्त्रशुद्ध' गिळलं, जागा पुरेना म्हणे, कात्र्या-सुऱ्याही गिळल्या, आणि रंगवलं काय — 'येथे धार काढून मिळेल.' धार काढून! दहाच्या आत एक बाई किटली घेऊन दारात. "दूध सकाळचंच असतं ना?" मी म्हटलं, बाई, गाय आजारी आहे.

ही बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर डोकं टेकून हसत होती. हिला हसायला काय जातंय.

पेंटरला बोलावलं. "काका, अर्थ एकच की हो." एकच! ज्याला लावणं आणि काढणं यांतला फरक कळत नाही त्याच्या हातात ब्रश दिलाच कोणी?

५ मार्च, बुधवार

मेव्हणा येऊन गेला. हातात किल्ल्यांचा जुडगा, तोंडात तेच वाक्य. "भाऊजी, नाद वेगळा, धंदा वेगळा." हे वाक्य त्याने कुठेतरी फुकट मिळवलेलं असणार, विकत घेतलेलं तो इतकं वापरत नाही.

कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी सोडली तेव्हा हिला शब्द दिला होता — एप्रिलअखेरपर्यंत या कामावर घर चाललं नाही, तर हिच्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे बसेन. आठ महिने होत आले. तो शब्द हिच्यापेक्षा मेव्हण्याच्याच जास्त लक्षात आहे. "खुर्ची तयार ठेवलीय, गादीसुद्धा घातलीय." त्याच्या दुकानात दोनशे सुऱ्या टांगलेल्या आहेत. एकीलाही धार नाही. लोण्याला लावली तर लोणी विचारेल, कोण हवंय?

जाताना उपदेश — "गिऱ्हाइकाशी जरा हसून बोलत चला." ते खातं हिच्याकडे आहे. मी मागच्या खोलीत — दगड, पाणी, भिंग. ही पुढे — लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, आणि कात्र्या घेते-देते. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू हिच्याच हातून जाते. "तुम्ही बोललात की माणूस परत येत नाही," असं हिचं मत. माणसं परत येतात ती धारेमुळे. पण कोण वाद घालणार.

८ मार्च, शनिवार

हिच्या मशीनवर कान तुटलेला एक कप. त्यात बटणं. दर्शनी खोलीत! उचलून बघितला तर बुडाला राखाडी रेघोट्या, भांडी घासून न गेलेल्या.

"फेकून का देत नाहीस?"

"असू दे हो. कामाचा आहे."

हिच्या लेखी जगातलं सगळं कामाचं. फक्त माझी सुरी नाही. आठ हजार नंबरच्या, सगळ्यांत बारीक दगडावर फिरवलेली, लोंबता कागद आवाज न करता कापणारी सुरी स्वयंपाकघरात उपाशी पडून. का? तर "टोमॅटोवर घसरते." अगं, सुरी घसरत नाही, टोमॅटो घसरतो! अठरा वर्षं मी हे शिकलोय. शिकवणारा कोणी नव्हता — पुस्तकं, दगड आणि कापलेली बोटं. धार तपासून तपासून डाव्या हातावर केस उरलेला नाही. ही पाहुण्यांना सांगते, "एक हात नवरदेवाचा, एक अस्वलाचा."

११ मार्च, मंगळवार

आलं! मोठं काम आलं!

गणवेश शिवणारा कारखाना. तिथला मुख्य कापणारा — त्याला सगळे मास्तर म्हणतात — स्वतः आला. त्याची कात्री फेब्रुवारीत इथून धार लावून गेली होती. म्हणाला, "तीस वर्षं कापतोय साहेब, अशी कात्री हातात आली नव्हती." साहेब! ऐकतोयस का मेव्हण्या?

चोवीस कात्र्या टाकून गेलाय. सोमवारी द्यायच्या. पसंत पडल्या तर दर महिन्याला अख्ख्या कारखान्याचं काम आपल्याकडे. म्हणजे ती गादीची खुर्ची ज्याची त्याला लखलाभ.

१२ मार्च, बुधवार

हिच्या बहिणीचा गुडघा. ऑपरेशन. ही निघाली — आठ दिवस! गुडघ्यालाही हाच मुहूर्त सापडला.

दारातून दोनदा परत फिरली. "कात्र्या झाल्या की ठेवून द्या. मी आल्यावर देऊ." सोमवारचं ठरलंय म्हटलं. "मास्तरांना तीन-चार दिवस थांबायला सांगा की." का? कात्र्यांना काय हिच्या हातचा टिळा लागतो? "तसं नाही हो..." रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

१५ मार्च, शनिवार

सतरा झाल्या. कंबर गेली.

१७ मार्च, सोमवार

चोवीसच्या चोवीस स्वतः पोचवल्या. प्रत्येक पातं असं की मिशीतले पांढरे केस मोजून घ्यावेत. मास्तरने एक उचलली, उजेडात धरली. "वा, आरसाच की!" कारकुनाने सही घेतली. येताना मेव्हण्याच्या दुकानावरून मुद्दाम चालत आलो. हात वर केला, थांबलो नाही.

१८ मार्च, मंगळवार

निरोप आला — लगेच या.

गेलो. लांब टेबलावर अस्तराचं कापड पसरलेलं, चकचकीत, निसरडं. बाजूला माझ्या कात्र्यांचा ढीग. ढीग! एकीवर एक, पात्यावर पातं! ओरडणार होतो, पण मास्तरच बोलला.

"कापड पळतंय, साहेब."

"म्हणजे?"

त्याने कापून दाखवलं. कात्री मिटली की कापड पुढे सरकायचं, सरळ रेघ सोडून बाहेर. मी म्हटलं, हात नीट ठेवा. म्हणाला, "हात तीस वर्षं तिथंच आहे." मागच्या पोरी फिस्सकन हसल्या.

मग त्याने स्वतःची कात्री काढली, फेब्रुवारीवाली. तेच कापड, तोच हात. सरळ, टोकापर्यंत. "ही तुम्हीच दिलेली ना? हिला दात आहे. कापड धरते. या चोवीसांना दात नाही."

दात! मी सांगितलं, मास्तर, पात्याला दात नसतो. दात म्हणजे दोष. पातं दिसतं तेवढं कोणालाही कळतं, खालचं कळायला भिंग लागतं. तो शांतपणे म्हणाला, "मला भिंग नको, अस्तर कापून पाहिजे. शुक्रवारी शेवटचं बघतो. नाहीतर आपला रामराम."

त्याची कात्री एका दिवसासाठी मागून आणली. घरी भिंगाखाली धरली — आणि खरंच! धारेवर बारीक बारीक ओरखडे, करवतीसारखे, सगळे एकाच बाजूला तिरके. माझा घासा हा नव्हेच! माझ्यानंतर कोणीतरी या पात्याला हात लावलाय.

कोण ते मला माहीत आहे.

१९ मार्च, बुधवार

चौकातला फिरता धारवाला. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारायचं, ठिणग्या उडवायच्या — लोकांना वाटतं जितक्या ठिणग्या तितकी धार. अरे, ती ठिणगी म्हणजे तुमच्याच सुरीचं पोलाद जळतंय!

मास्तरची कात्री त्याच्या नाकासमोर धरली. "हिला तू हात लावलास?"

त्याने नखावर पातं टेकवलं, डोळा बारीक केला. भिंगबिंग काही नाही. "काका, हा माझ्या चाकाचा घासा नाही. चाक असं गोड ओरखडत नाही. हा भांड्याचा आहे, चिनीमातीच्या. माझी आई विळी अशीच करायची." वर पुन्हा — "ज्याने केलंय त्याचा हात भारी आहे हां."

भांड्याचा! म्हणे हात भारी! अडाण्याला विचारायला गेलो ही माझीच चूक.

तिथून मास्तरकडे. कात्री परत केली, विचारलं, हिच्यावर दुसऱ्या कोणी काम केलंय? "तुमच्याकडून घेतली, थेट पेटीत टाकली. दुसऱ्याला मी हात लावू देतो होय?"

मग कोण? कात्र्या एका पिशवीत भरून घरी आणल्या. पिशवीत खणखणत होत्या, रस्ताभर लाज वाजत होती.

दुपारी हिचा फोन. गुडघ्याचं झाल्यावर हळूच, "कात्र्यांचं काय?" सांगितलं. तर म्हणाली, "हात लावू नका त्यांना. मी उद्या येतेय." तू येऊन काय करणार, बटणं लावणार? "लावू नका म्हटलं ना!" एवढ्या जोरात ही फोनवर बोलत नाही.

हात लावू नका! चामड्याचा पट्टा काढला, बारीकातली बारीक भुकटी लावली, आणि चोवीसच्या चोवीस पुन्हा घेतल्या. आणखी गुळगुळीत. दोष असलाच तर हाच, की अजून पुरेसं झालं नव्हतं. जुन्या फाटक्या छत्रीचं कापड घेऊन करून बघितलं.

पळालं.

दुसरी घेतली. पळालं. सातवीलाही. मेव्हण्याच्या खुर्चीची ती गादी लाल आहे, आत्ता आठवलं.

२० मार्च, गुरुवार

ही आली. बॅग दारातच टाकली, चप्पलही काढली नाही. कपातली बटणं मशीनवर ओतली, कप पालथा घातला, पिशवीतली पहिली कात्री उचलली. बुडाच्या खरखरीत कडेवर — खर्र, खर्र, खर्र. तिरके, तीनच. छत्रीचं कापड घेतलं. कात्री सरळ टोकापर्यंत गेली. कापड जागचं हललं नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या गिऱ्हाइकापासून." वर न बघता. "धार तुमचीच हो. मी आपले नुसते दात काढते."

तेवीस राहिल्या होत्या. आत गेलो, दुसरा कप आणला.

कान पकडून.