फ्रीजसमोरच्या चपला

आत शिरताना चपला काढू नकोस. आधी मेन स्विच बंद कर. हे आत जाण्याआधीच वाचावंस म्हणून चिठ्ठी दारालाच चिकटवलीय. तुझा फोन लागत नाहीये.

ताईबरोबर डॉक्टरांकडे चाललेय. बाळ हलतंय, तरी दाखवून येते.

फ्रीजचा शॉक लागतो म्हणून समोर रबरी चपला ठेवायच्या आणि त्या घालूनच दार उघडायचं, हे तुझ्या आईंपासून चालत आलंय. मीही निमूट शिकले. नवा घेऊया म्हटलं, तर म्हणालास, "बाळ येऊ दे, मग बघू." जगाचे फ्रीज दुरुस्त करत हिंडतोस आणि आपल्याच घरात दिव्याखाली अंधार!

काल आणलेला लोखंडी पाळणा तू फ्रीजलाच टेकवून ठेवलास. मघाशी त्यात दुपटी घालायला गेले, अनवाणी. पाळण्याने हात धरूनच ठेवला. सुटले तेव्हा जमिनीवर पडले होते. घाबरून तशीच बाहेर आले. फ्रीज अजून चालू आहे, पाळणा तिथेच आहे.

नवा घ्यायचा का, हे आता विचारत नाहीये. एवढंच सांग, बाळ रांगायला लागलं की चपला त्याच्या गुडघ्यांना बांधायच्या की तळहातांना?