नववा रकाना

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय ठके,

आशीर्वाद लिहिणार होते, पण पंचेचाळिशीतल्या गणिताच्या बाईंना आशीर्वाद देणं म्हणजे हेडमास्तरांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवण्यासारखं. तेव्हा नुसतंच प्रिय. तू बरी असशील. नसलीस तरी मला कळवणार नाहीस, म्हणून बरीच आहेस असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींना निवृत्तीनंतर स्वयंपाकघराचा शोध लागलाय. रोज एक डबा उघडतात आणि 'हे इथे का?' म्हणून विचारतात. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना उघड भांडतो.

आपण शेवटचं भेटलो ते चार वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा. तू सकाळच्या गाडीने आलीस, संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मधल्या वेळात माझ्याशी अकरा वाक्यं बोललीस. त्यातली दोन चहाबद्दल होती. मी ती नंतर एका वहीत उतरवून ठेवली. हसू नकोस.

त्यानंतर मी विम्याची नोकरी सोडली आणि समाजकार्य शिकायला पुन्हा कॉलेजात गेले, हे तुझ्या कानावर आलं असेलच. आपल्या नात्यात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं-पोरी उठून उभी राहिली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सलाम फुकट गेला. आता दोन वर्षं झाली, मी सरकारी दवाखान्यातल्या केंद्रात काम करते. ज्या बायकांवर, मुलींवर कोणी जबरदस्ती केली, त्या आधी आमच्याकडे येतात. क्ष-किरण विभागाला लागून खोली सतरा. दारावर पाटी नाही, मुद्दामच. आत येणारीची खुर्ची अशी ठेवायची की तिला दार दिसावं, आणि तिच्या व दाराच्या मध्ये कोणीही बसायचं नाही. पाण्याचा पेला भरलेला हवा. बोलायची घाई करायची नाही. मी, ठके! मी गप्प बसायला शिकले. लहानपणी बाबा म्हणायचे, हिची जीभ गहाण टाकली तर कोणी सोडवून न्यायला यायचं नाही.

आणि 'का' हा शब्द आमच्याकडे बंद. का गेलीस, का ओरडली नाहीस, का इतके दिवस थांबलीस, यातलं काही विचारायचं नाही. 'का' विचारायची हौस मग मी घरी डब्यांवरून भागवून घेते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वयात हे? त्यापेक्षा शिवणाचा क्लास लावायचास." मग आवाज खाली आणून, "तिथे कसल्या कसल्या बायका येत असतील ना गं?"

म्हटलं, "तुमच्या-माझ्यासारख्याच. जरा जास्त धीट."

तेव्हापासून त्या साखर मागायला पलीकडच्या बिऱ्हाडात जातात.

कोणाकोणाचं काय ऐकते ते तुला सांगणार नाही. सांगायचं नाही असा नियमच आहे, आणि तो मी पाळते.

म्हणजे, पाळते असं म्हणायचे. एक छोटंसं काम आहे तुझ्याकडे.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीसाठी एक फॉर्म असतो, नऊ रकान्यांचा. आठवा रकाना : पहिल्यांदा कोणाला सांगितलं? नववा : त्या व्यक्तीने काय केलं? केंद्राच्या प्रमुख (आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, उंचीने माझ्या खांद्याला लागतात) सांगतात की पुढची वीस वर्षं कशी जाणार ते नवव्या रकान्यावर ठरतं. शिकत असताना त्यांनीच आम्हाला सरावासाठी असा एक फॉर्म मनाने भरायला सांगितला होता. बाकीच्यांनी कल्पना लढवल्या. माझी कल्पना ऐन वेळी आजारी पडली. मी आपल्या घरातलंच भरलं. एकोणीस वर्षांची मुलगी, वडिलांच्या साहेबांकडे टायपिंगला जाते. गाव बदललं. साहेबांचं खातं बदललं. तुला कोणी ओळखायचं नाही.

तो फॉर्म बाईंना आवडला. इतका, की केंद्रात शिकायला येणाऱ्या गेल्या तीन तुकड्यांना (त्यांचा एक तास मीही घेते) तो नमुना म्हणून वाचायला देतात. आणि आता त्यांना तो शिकवण्याच्या पुस्तिकेत छापायचाय. मला बोलावून म्हणाल्या, "हे कल्पनेतलं नाही. कोणाचं आहे?"

"ओळखीतल्या एका मुलीचं."

"विचारलंस तिला?"

मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "तिने वाचल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. विचारून ये."

म्हणून फॉर्म सोबत पाठवते आहे. दोनच पानं आहेत. खाली सहीची जागा आहे. नववा रकाना जरा लांबलाय, तो सगळा वाचलाच पाहिजे असं नाही.

सही करून पाठव, की स्वतःच घेऊन येतेस? सुट्टी असेल तेव्हा. तुझी खोली मी रिकामीच ठेवली आहे. भावोजींनी तिथे वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायचा घाट घातला होता, तो मी उधळून लावला.

तुझी,
ताई

•

दि. १४ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. कागद परत पाठवत आहे.

आठ रकाने बरोबर आहेत. नववा चुकला आहे. तो मी दुरुस्त केला आहे. दुरुस्तीसह छापणार असाल तर सही केली आहे. तू लिहिलंस तसाच छापणार असाल, तर सही नाही असं समजावं.

परीक्षा जवळ आल्या आहेत, येणं जमणार नाही.

गुडघ्याला जिने टाळ.

– धाकटी

•

दि. २ मार्च

प्रिय ठके,

तुझं पाकीट मी खोली सतरामध्ये उघडलं, दुपारी, कोणी नव्हतं तेव्हा. आत येणारीच्या खुर्चीवर बसले. सव्वीस वर्षांनी तुझं अक्षर माझ्यासाठी लिहिलेलं पाहिलं. 'ळ'ला अजून तशीच लांब शेपटी काढतेस. मजकुराआधी मी शेपट्याच बघत बसले होते.

मी नवव्या रकान्यात लिहिलं होतं : 'मोठ्या बहिणीने तिला जवळ घेतलं. तुझं खरं आहे, असं म्हणाली. त्याच संध्याकाळी आईवडिलांना सांगितलं.' चांगल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. तू त्यावर लाल रेघ मारलीस आणि खाली लिहिलंस : 'बहीण म्हणाली, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. लग्न तीन आठवड्यांवर आलंय, कोणापाशी बोलू नकोस. मग ती पाहुण्यांची यादी करायला बसली. तिला खरं वाटलं नाही.'

यादीचं मी विसरले होते. खरंच विसरले होते, ठके. आता आठवतंय. साहेबांचं नाव त्यात दुसरं होतं, कुलदैवताच्या खालोखाल. ते नवऱ्यामुलाचे, म्हणजे तुझ्या भावोजींचे, मामा आणि स्थळ आणणारे, म्हणून त्यांची पत्रिका हातोहात द्यायची होती.

आता जे मागच्या पत्रात गाळलं ते ऐक. तो नमुना बाईंना आवडला तो नवव्या रकान्यामुळेच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कसं वागावं, याचा धडा म्हणून तो शिकवतात. दर तुकडीत कोणीतरी पोरगी म्हणते, "ताई असावी तर अशी!" आणि मी फळ्यापाशी उभी राहून ते ऐकून घेते. एकदा तर मी मान तुकवली. तुझ्या बाबतीत घडलं ते मी तुला न विचारता साठ जणांना वाचायला दिलं, आणि वर त्यात स्वतःला देवमाणूस करून ठेवलं. चोरी केली ती केली, चोरलेला दागिना घालून मिरवलेसुद्धा.

गेल्या सोमवारी तुझी दुरुस्ती घेऊन वर्गात गेले. मोठ्या बाई मागच्या बाकावर होत्या. जुना रकाना वाचला, मग तुझा वाचला. एक चष्मेवाली मुलगी आहे, वर्गात सगळ्यांत आगाऊ, म्हणून माझी लाडकी. तिने तोंड वाकडं केलं. "शी! असली कसली बहीण, मॅम?"

मी म्हटलं, "अशी. तुझ्यासमोर उभी आहे."

मी वर्गात पाच मिनिटांत तीन विनोद करते असा माझा लौकिक आहे. कोणीतरी सवयीने हसलं आणि मध्येच थांबलं. चष्मेवालीने माझ्याकडे बघणं टाळलं. तास संपल्यावर ती आली आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवून निघून गेली. चांगलं शिकवलंय मी तिला.

मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "खोटं लिहिलंस ते तुझं तू बघ. पण तिला न विचारता तिचं बाहेर काढलंस, ते माझ्याकडे येतं. सहा महिने खोलीत बसायचं नाही. फाइली लाव, फोन घे." सगळ्या प्रती त्यांनी परत मागवल्या आहेत. छप्पन्न आल्या. चार अजून फिरताहेत, त्यांच्या मागे मी आहे.

खोलीबाहेर बसणं कठीण जातंय. व्हरांड्यात माझं टेबल आहे. बायका येताना दिसतात, दार लागतं आणि आत काय चाललंय ते कळत नाही. दाराबाहेर बसून मी आता तुझ्याबद्दल विचार करते. तूही सव्वीस वर्षं अशीच कुठल्याशा बाहेरच्या बाजूला राहिलीस. आम्ही आत बारशी केली, वाढदिवस केले, फोटो काढले.

भावोजींना सांगितलं. आधी म्हणाले, "गेलेल्या माणसाचं आता काय उकरून काढतेस?" दोन दिवस डबे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बघते तर हॉलमधून मामांचा फोटो गेलेला. जेवताना म्हणाले, "तिला पत्र लिहिशील तेव्हा माझं..." आणि पुढे काय ते त्यांना सुचलं नाही. जेवढं म्हणाले तेवढं पोचवते.

आता मुद्द्यावर येते. फार वळसे घेतले, पण हा शेवटचा. तुझ्या दुरुस्तीतलं एक वाक्य चूक आहे. बाईंचा नियम असा, की एक शब्द बदलला तरी सही नव्याने घ्यायची. म्हणून नवा कोरा फॉर्म जोडला आहे आणि त्यात फक्त नववा रकाना मी भरला आहे.

तू लिहिलंस, 'तिला खरं वाटलं नाही.'

साहेबांकडे टायपिंगला तुझ्याआधी मी जात होते. आठ महिने. मग लग्न ठरलं, खरेदी आहे, वेळ नाही, असं सांगून मी जाणं बंद केलं. खरेदीला वेळ भरपूर होता. त्यांच्या घरी दुपारी दोनला गेलं की ते दाराला कडी लावायचे आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. माझ्या बाबतीत ते खुर्चीमागेच थांबले. मी तेवढ्यावर निसटले, आणि कोणाला काही सांगितलं नाही. आई म्हणाली, मग धाकटीला पाठवू या, तीही शिकतेच आहे टायपिंग. मी तेव्हा तिथेच उभी होते, ठके. पडद्यांच्या कापडाचे नमुने हातात होते. मी म्हटलं, हो, पाठव.

म्हणून तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा तुला पहिलं वाक्यही पुरं करावं लागलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना कोणी क्षमा मागितली, की त्यांच्यावर ती देण्याचं नवं काम पडतं, हे मी रोज बघते. तुझ्यावर कसलंच काम टाकायचं नाही. उत्तरसुद्धा देऊ नकोस, असं लिहिणार होते. पण आता खोटं लिहायचं नाही म्हटल्यावर तेही लिहिता येत नाही. मला उत्तर हवंय. दोन ओळी हव्यात, शिव्या असल्या तरी चालतील. टपालवाला सकाळी अकराला येतो. पावणेअकरापासून मी व्हरांड्यात दुसरं काहीही करत नाही.

तुझं सगळं पहिल्या शब्दाला खरं मानूनही तुला खोटं पाडणारी,
ताई