उद्या पहाटे नांगर उचलणार

निघोजे, चैत्र महिना, बुधवार
(तिथी टपालवाल्या बन्सीला विचारली, त्यालाही ठाऊक नाही.)

चि. दौलतराव यास अक्काचा आशीर्वाद. तुझी प्रकृती, कुसुमची कंबर, पोरांचे खोकले सगळं बरं असेल असं धरून चालते, कारण विचारत बसायला वेळ नाही. इकडं आम्ही जिवंत आहोत. बन्सी ओट्यावर चहा पीत बसलाय. चारच्या आत त्याला चाकणला थैली पोचवायची आहे आणि तुला उत्तर शनिवारच्या आत मुंबईत पाहिजे. तेव्हा मी एका दमात लिहिते, तू एका दमात वाच.

माझा ज्योतीराम घरातनं पळून तुझ्याकडं येतो. तू गोदीत नोकरी करणारा त्याचा सख्खा मामा, त्याला कान धरून परत पाठवायचं सोडून चार दिवस मासळी खाऊ घालतोस, आणि वर मला फारम पाठवतोस, की अक्का, सरकारी जहाजावर खलाशाचं शिक्षण आहे, पोर सतरा वर्षांचं, पालकाची सही लागते. वा रे मामा! अरे, कंसानं सुद्धा आईची सही मागितली नव्हती. मी सही करणार नाही. का ते ऐक.

हे सगळं एका पुस्तकानं केलं. चिंचवडच्या वाचनालयातनं त्यानं ते आणलं. एक पोर घरी न सांगता जहाजावर चढतं आणि चारशे पानांनी बाप्या होऊन उतरतं, असली गोष्ट. मला साक्षरतेच्या वर्गाचा कंटाळा (गुरुजी रोज कमळ गिरवायला लावायचे, आमच्या शिवारात कमळ कुठाय?), म्हणून ज्योतीच मला त्या पुस्तकावरनं अक्षरं शिकवायला लागला. त्यामुळं मला भाकरी लिहिता यायच्या आधी डोलकाठी लिहिता आलं. मग दारातली चिंच डोलकाठी झाली. शेंड्यावर चढून हा ओरडायचा, "जमीन दिसली!" अरे मेल्या, दिसणारच की, निघोज्यात दुसरं आहे काय? मग खलाशाच्या गाठी सुरू झाल्या. बैलाच्या दाव्याला एक गाठ अशी मारली की ऐन पोळ्याला ती सुटेना. गावाचे बैल वेशीत मिरवले, आमचा गोठ्यातनं बघत राहिला. शेवटी विळ्यानं दावं कापलं.

तेवढ्यात त्या पुस्तकाचा सिनेमा पुण्यात लष्करातल्या थेटरात लागला. म्हटलं, आपलं घर कोण फोडतंय ते डोळ्यांनी बघू, म्हणून मीही गेले. सगळं इंग्रजीत. पोराची आई धक्क्यावर शाल धरून उभी राहिली, मिनिटभर. मग जहाज हललं, वादळ आलं, दाढीवाला कप्तान आला, दोर तुटले, दोन तास तेच. आई परत दिसलीच नाही. मी उभी राहून विचारलं, "अवं, तिचं काय झालं?" मागनं एक जण म्हणाला, "मावशी, बसा, जहाज दिसंना." मी म्हटलं, "तू जहाज बघायला आलास, मी ती बाई बघायला आलेय." ज्योतीनं पदर ओढून खाली बसवलं. येताना त्याला विचारलं, पुस्तकात तरी तिचं पुढं काही आहे का? घरी आल्यावर त्यानं पुस्तकच माझ्या हातात ठेवलं.

त्यानंतर भादव्यात इंद्रायणीला पूर आला, तो तुला ठाऊक आहे, पण मधलं मी तुला कळवलं नव्हतं. मालक (तुझे दाजी) खालच्या रानात जनावरं सोडायला गेले. जनावरं वर आली, मालक अडकले. पाणी चहूबाजूंनी, आणि हे बाभळीवर चढून बसले. बाभळीवर! (काटे कुठं कुठं गेले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) पोहणारे गडी नुसते बघत उभे. ज्योतीनं गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील ओढत आणली, तिच्या कड्याला दोर बांधला, दुसरं टोक काठावरच्या करंजाला बांधलं, आणि आत बसला. काहील गोल, तिला ना तोंड ना शेपूट, गरगर फिरतच निघाली. दोनदा पोराचं डोकं दिसेनासं झालं. मी काठावर. अंगावर शाल नव्हती, पोतं होतं. देवाचं नाव घेत होते का शिव्या देत होते, आठवत नाही. दोर ताणून करंज कर्र वाजत होता, पण गाठ सुटली नाही. (ती सुटतच नाही, बैलाला विचार.) दोघं काठाला लागल्यावर मी आधी ज्योतीच्या थोबाडीत दिली आणि मग तीन दिवस मालकांचे काटे काढले. त्या दिवसापासून मी पोराशी धड बोलले नाही. बोलायला गेलं की ती गरगर फिरणारी काहील दिसायची.

आणि गेल्या आठवड्यात उतरंडीत चिठ्ठी. 'आई, उद्या पहाटे नांगर उचलणार. काळजी नको.' एक एक अक्षर लावून वाचली आणि मला रडू आलं. ऊस निघालेलं रान महिनाभर नांगरायचं पडलं होतं. म्हटलं, पोराला अक्कल आली. पुरण घातलं, बैलांना पेंड दिली, भावकीत सांगून आले. पहाटे न्याहारी घेऊन रानात गेले तर नांगर होता तिथंच, बैल रवंथ करतायत, पोराचा पत्ता नाही. मालकांनी बिडी विझवली आणि हळूच म्हणाले, "अगं, जहाजाला बी नांगर असतो." हे मला आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? आपल्याकडं नांगर धरला की माणूस घरी राहतं, त्यांच्याकडं उचलला की जातं. असल्या उलट्या धंद्यात मला पोर द्यायचं नाही. शनिवारच्या आत त्याला गाडीत बसवून दे. सहीचं नाव काढू नकोस.

तुझी सरूअक्का

ता. क. पाकीट जाड लागेल. आत फारम आहे, सही केलेलं. मालक अंगठा देत होते, मी देऊ दिला नाही. ज्यानं अक्षर शिकवलं त्याच्या कागदावर अंगठा कशाला? सरूबाईतला रू जरा मोडलाय, चालतो का विचार.

ता. क. आधी वरचं सगळं त्याला वाचून दाखव, मग फारम दे. मधल्या वेळात रडला तर रडू दे.

ता. क. पुस्तक माझ्यापाशीच आहे. निम्मं झालं. आई अजून आलेली नाही.

ता. क. जहाज सुटायचा दिवस कळव. मी येणार. मिनिटभरात दिसेनाशी होणारी बाई मी न्हवं. मागचे बसा म्हणाले तरी उभी राहीन.

ता. क. बन्सी उठला. ज्योतीला एवढंच सांग, जिथं जिथं नांगर टाकशील तिथनं एक कार्ड टाक. कुठला नांगर ते मला आता कळतं.