उरलेले तीन टाइम-आउट

एडमंटन,
९ जुलै २०१७

ती. उमाताईस,

नंदनचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी डावा गुडघा दुमडायला मनाई केली आहे, तेव्हा नमस्कार उभ्याउभ्याच घातला आहे, भाव मात्र पूर्ण आडवा आहे, असं समज.) तुझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आणि तुला आता समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजता येतात हे ऐकून आम्हा दोघांना फार आनंद झाला. थेंब वेळेवर घालतेस ना? काळा चष्मा घालून भाजी आणायला जाऊ नकोस, भाजीवाला तुला भोळी समजून भाव वाढवेल, आणि मग त्या बिचाऱ्याचं काही खरं नाही. आम्ही मजेत. मृणालिनीने यंदा मागच्या अंगणात मेथी लावली, ती सशांनी खाल्ली, ससे मजेत.

तू फोनवर विचारलंस, डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे, तेव्हा तरी येतोस का? मी सवयीने ‘बघू’ म्हणालो. त्यावर तू म्हणालीस, ‘बघायचं तर मला आहे, तू काय बघणार?’ आणि फोन ठेवलास. ताई, हे ‘बघू’ मी किती वर्षं म्हणतोय याचा हिशेब तुझ्याकडे असणारच. आधी म्हणालो रिटायर झालो की येतो, मग म्हणालो घराचं छप्पर झालं की, मग गुडघा, मग विंटर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात आहे. पण त्याआधी एक जुलैच्या शनिवारी माझी काय फजिती झाली ती सांगायलाच हवी, कारण ते उत्तर त्या फजितीच्या पोटातून निघालं आहे. चहा घेऊन बस.

तुला माहीतच आहे, मी गेली चाळीस वर्षं बेसमेंटमधल्या सोफ्यावर बसून फुटबॉल बघतो. हा फुटबॉल हाताने खेळतात, पाय फक्त पळायला. चेंडूही गोल नाही, कच्च्या पपईसारखा लांबट. नियम तुला सांगत बसत नाही, एकच सांगतो, कारण माझं वाटोळं त्यातच झालं. क्रिकेटमध्ये चेंडू मोजतात, इथे वेळ मोजतात. गडी अडवला गेला, उठला, अंग झटकलं, तरी घड्याळ बहुतेक वेळा चालूच असतं. जो पुढे आहे तो रमतगमत खेळून वेळ काढतो. जो मागे आहे त्याने घड्याळ थांबवायचं. त्यासाठी प्रत्येक संघाला अर्ध्या खेळात तीन टाइम-आउट मिळतात. ते वापरले नाहीत तर वाया जातात, पुढे जमा होत नाहीत. (सरकारी नोकरीत माझ्या रजा जमा होत असत. त्या शिलकेकडे बघून मला रजेवर गेल्यापेक्षा जास्त सुख व्हायचं. हे लक्षात ठेव.)

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत टाइम-आउट कधी घ्यायचा, चेंडू किक मारून द्यायचा की धोका पत्करायचा, हे कोच ठरवतो. आणि तो चुकला की मी सोफ्यावरून त्याची खरडपट्टी काढतो. माझं ठाम मत असं की जगातले सगळे कोच उधळे असतात. सुरुवातीलाच टाइम-आउट उडवतात आणि शेवटी हात चोळत बसतात. एकदा हे मत सांगायला मी रेडिओवरच्या खेळांच्या कार्यक्रमाला फोनही केला होता. त्यांनी होल्डवर ठेवलं, आणि माझा नंबर लागला तेव्हा कार्यक्रम संपून हवामान सुरू झालं होतं. तरी मी ते मत हवामानवाल्या बाईंना सांगितलं.

तर यंदा कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून इथल्या पार्कमध्ये सगळ्या समाजांच्या संघांची फ्लॅग फुटबॉलची स्पर्धा होती. फ्लॅग म्हणजे कमरेला दोन कापडी पट्ट्या लावायच्या. धक्काबुक्की नाही, पट्टी ओढली की तो गडी थांबला. आपल्या मराठी मंडळाने संघ काढला. नाव ‘एडमंटन मावळे’ (ते ठरवायला दोन बैठका गेल्या, सरावाला एक). कोच कोण, हा प्रश्न आला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा माधवी सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘नंदनकाका आहेत ना, ते कायम कोचला शिव्या देतात, म्हणजे त्यांना येत असणार.’ मी दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा कोणी विचारायच्या आत हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी शिट्टी आणि टोपी विकत आणली. मृणालिनी म्हणाली, शिट्टी रेफरीची असते. मी ती तरीही गळ्यात घातली.

कोच झाल्यावर माझा पहिला हुकूम असा की टाइम-आउट फक्त मी घेणार. आमचा चेंडू फेकणारा शैलेंद्र, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, त्याने विचारलं, का? मी म्हणालो, तुम्ही तरुण लोक उधळाल. कोठीच्या खोलीची किल्ली एकाकडेच असलेली बरी. तो हसला. गौरांगी, आमच्यातली सगळ्यात चपळ, हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, ती हसली नाही. ती नुसतं ‘ओके काका’ म्हणाली, आणि या देशात ‘ओके’ म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

आम्ही थेट फायनलला पोहोचलो. पराक्रमाने नव्हे, लाँग वीकेंड, बाकीचे संघ लेकवर गेले होते. उरलो आम्ही आणि युक्रेनियन चर्चचा संघ. वयाने आमच्याच बरोबरीचे, पण खांदे दाराच्या चौकटीत न मावणारे. सुरुवातीलाच खेळ थांबला, कारण मंडळाच्या बायकांनी आमच्या गड्यांच्या पट्ट्या परकराच्या नाडीसारख्या पक्क्या गाठी मारून बांधल्या होत्या. समोरच्या एका धिप्पाड गृहस्थाने पट्टी ओढली तेव्हा पट्टीबरोबर आमचा गडी आणि त्याची चड्डीही निघाली. रेफरी म्हणजे बोहदान नावाचे रिटायर्ड शाळामास्तर, त्यांनी एकेकाला रांगेत उभं करून गाठी सोडवल्या. ते बघून तुझी आठवण झाली. तूही शाळेत जाताना माझ्या चड्डीची नाडी अशीच आवळायचीस.

पहिला हाफ संपला तेव्हा माझे तिन्ही टाइम-आउट शिल्लक होते, आणि अर्थातच वाया गेले. शैलेंद्रने चेहरा वाकडा केला. मी मनाशी म्हणालो, हे पहिल्या हाफचे, यांचं काय एवढं. ताई, खोटं का बोलू, मला थोडं बरंच वाटलं. खर्च झाला नाही ना.

आता शेवट ऐक. आम्ही चार गुणांनी मागे, म्हणजे एकदा चेंडू समोरच्या सीमारेषेपार नेला की सहा गुण आणि जिंकलो. जेमतेम तीन मिनिटं उरलेली. चेंडू त्यांच्याकडे, आणि ते घाईत नव्हते. एक गडी चेंडू पोटाशी धरून चार पावलं जाई, पट्टी ओढली जाई, मग सगळे सावकाश गोळा होत, घड्याळ चालूच. सोफ्यावर असतो तर मी ओरडलो असतो, ‘अरे गाढवा, आत्ता नाही तर कधी?’ हा प्रसंग पहिलीच्या पुस्तकातला आहे. शेंबडं पोरही इथे टाइम-आउट घेईल. शैलेंद्र ओरडला, ‘काका, टाइम-आउट!’ बाजूला भेळ खात बसलेल्या बायका ओरडल्या. मी हात दाखवून सगळ्यांना शांत केलं आणि म्हणालो, ‘थांबा, अजून लागतील.’

त्यांनी अशी दोन मिनिटं खाऊन मग चेंडू आम्हाला दिला. आमची पोरं जिवाच्या आकांताने पळाली. शैलेंद्रने फेकलेला एक चेंडू गौरांगीने उडी मारून झेलला, तिघांना चुकवलं, आणि सीमारेषेच्या पाच यार्ड अलीकडे तिची पट्टी ओढली गेली. घड्याळ चालू. आठ सेकंद. सगळं मंडळ माझ्याकडे बघतंय. हातांचा काटकोन, म्हणजे टाइम-आउटची खूण, केला की झालं. माझे हात वरही आले ग. पण तेवढ्यात डोक्यात हिशेब सुरू झाला: आत्ता एक घेतला तर दोन उरतात, पुढच्या खेळीत एक गेला तर एकच, आणि मग खरी गरज पडली तर? यापेक्षा खरी गरज कोणती असते, हे मी स्वतःला विचारतच होतो, तेवढ्यात शिट्टी वाजली. माझ्या गळ्यातली नव्हे, बोहदान मास्तरांची. खेळ संपला.

मास्तर हस्तांदोलन करायला आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘सर, यू स्टिल हॅड थ्री टाइम-आउट्स.’

मी म्हणालो, ‘आय नो. कॅन वी कॅरी देम ओव्हर टु नेक्स्ट इयर?’

हे मी खरंच विचारलं, ताई. चेष्टेने नव्हे. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि शाळेत नापास मुलाला वर ढकलताना गुरुजी जसे बघत तसे बघितलं. आता मंडळात कोणाकडे काही उरलं, श्रीखंड असो की पार्किंगचं कुपन, की म्हणतात, नंदनकाकांना द्या, पुढच्या वर्षी वापरतील.

जिंकलेल्या लोकांनी मोठ्या मनाने आम्हाला त्यांच्या पेरोगी बांधून दिल्या; म्हणजे आपल्या करंज्याच, आत बटाटा आणि चीज. घरी आल्यावर मृणालिनीने काचेच्या कपाटातून सोनेरी काठाच्या बशा काढल्या, ज्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतल्या होत्या आणि तेव्हापासून पाहुण्यांची वाट बघत होत्या. त्यांत पेरोगी वाढल्या. मी विचारलं, कोण येणार आहे का? ती म्हणाली, ‘कोणी नाही. आपण आलोय.’ मग थोड्या वेळाने, बशीकडेच बघत म्हणाली, ‘उमाताईंकडे जायचंही तुम्ही असंच शिल्लक ठेवलंय ना?’

मला एकदम बाबांची आठवण झाली. दिवाळीचे निम्मे फटाके ते तुळशीच्या लग्नाला ठेवायचे, तुळशीच्या लग्नातले निम्मे पुढच्या दिवाळीला. मग तू आणि मी गच्चीवर सादळलेले लवंगी फटाके उन्हात वाळवत बसायचो, आणि दहातला एक कसाबसा ‘फुस’ करायचा. तरी आपण टाळ्या पिटायचो. त्या घरातून मी बाकी काही आणलं की नाही ठाऊक नाही, पण ही एक विद्या सातासमुद्रापलीकडे बरोबर घेऊन आलो. ताई, मला तुझी फार आठवण येते, आणि मला भीती वाटते. एवढं लिहून हा विषय संपवतो, नाहीतर तू रडशील आणि थेंब वाहून जातील.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. (आता तुझ्याहून मोठं कोणी उरलेलं नाही, तेव्हा सगळे नमस्कार तूच ठेवून घे.)

तुझा,
नंदन

ता. क. : उत्तर राहिलंच. आम्ही दोघं दिवाळीच्या आठवडाभर आधी अमरावतीला पोहोचतो. तुझा डावा डोळा होऊन पट्टी निघेपर्यंत राहणार. एकच मागणं आहे, आणि खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठीच आहे. पहिल्यांदा इथून आलो तेव्हा तुला निळ्या फुलांचा डिनर सेट आणला होता. तो अजून तुझ्या कपाटावर खोक्यात आहे, हे मला माहीत आहे. ‘चांगले पाहुणे आले की काढू’ म्हणाली होतीस. तो काढ, धुऊन ठेव. मला त्यात वरणभात खायचा आहे. एखादी बशी फुटली तर फुटू दे. फटाकेही आण, आणि सगळे दिवाळीलाच उडवायचे.

ता. क. २ : तुझ्यापासून काय लपवायचं, तिकीट जरा महाग पडलं तरी तारीख बदलता येईल असंच घेतलं आहे. म्हणजे, गरज पडली तर.

ता. क. ३ : ती. उमाताईंना मृणालिनीचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. एजंटला आत्ताच फोन करून दोन्ही तिकिटं बदलून घेतली आहेत. आता ती परतही होत नाहीत आणि त्यांची तारीखही बदलत नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सेट काढा.