बेटावरची हवा

घुग्घुस,
१८ जानेवारी २०२६

प्रिय शालक राजदीप,
जयभीम. आरमोरीला सगळे खुशाल असाल.

आधी माझी तक्रार ऐक. अतिथी आला की त्याचं पादप्रक्षालन करावं, असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो. गेल्या रविवारी धरणाच्या काठी माझ्या पायांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही; चपला मात्र ब्रशनं घासघासून धुतल्या. वर नावाडी पत्रूभाऊ म्हणतात, ‘गुरुजी, तुमच्या चपलेतून आख्खी खाणच निंगून राह्यली.’ बादलीतलं पाणी खरंच कोळशानं काळं झालं होतं. तुझी बहीण रिना तर पोट धरून हसली. माझ्या अपमानावर हसणं ही तुमच्या घराण्याची परंपरा दिसते.

धरणाच्या मधोमध पाखरांचं राखीव बेट आहे. बाहेरचं बी तिथं रुजू नये म्हणून हा चपलांचा सोहळा. डबा काठावर ठेवायचा, बोलायचं तर कुजबुजत. सुट्टीच्या दिवशी मी पुस्तकापासून हलत नाही, तेव्हा बोटीत बसायची हौस कुठून आली, असं रिनानं विचारलंच. तिथल्या पाटीवर रंगीत करकोच्याला ‘चित्रबलाक’ म्हटलंय, जरा संस्कृत बघून येऊ, असं मी सांगितलं. पटलं नाही तिला, पण आली.

दिवाळीच्या सुट्टीपासून तिला खोकला आहे. घुग्घुसात कुणाला नसतो? खिडकीच्या काचेवर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. धुळीचाच आहे, असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टर नागपूरला जाऊन तपासण्या करा म्हणाले, ते आमच्या ठरवण्यात बसलं नाही. तुला कळवायचं नाही, अशी तिची ताकीद आहे.

बेटावर धुळीचा कण नव्हता. पानं हिरवी होती. आपल्याकडे ती राखाडी असतात, हे मी विसरलोच होतो. बोटीत ती एकदाही खोकलली नाही. सगळे पक्षी बघत होते, मी तिचा श्वास ऐकत होतो.
‘बरं वाटून राह्यलं ना?’
‘इथी चांगलं हाय,’ ती म्हणाली.

मग घरट्यांच्या झाडाखाली उबळ आली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. सगळं झाड एकदम उठलं, पांढऱ्या-गुलाबी पंखांनी आभाळ भरून गेलं. सोबतच्या मंडळींनी आनंदानं फोन वर केले. ती पत्रूभाऊंना हात जोडत होती. ते रागावले नाहीत. पाण्याची बाटली पुढं करून म्हणाले, ‘बाई, पाखरं येतीन वापस. तुमी बसा.’

पाखरं आली वापस. परतताना बोटीत रिना म्हणाली, ‘माह्यापायी तुमचं संस्कृत उडून गेलं.’ मी हसलो, असं तिला वाटलं असावं.

राजदीप, मी तिला पक्षी दाखवायला नेलं नव्हतं. जिथं धूळ नाही तिथं खोकला थांबतो का, एवढंच मला बघायचं होतं. थांबला नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. ताकीद मोडून लिहितो आहे. तू ये, आपण तिला नागपूरला नेऊ. मला फार भीती वाटते.

तुझा भाऊजी,
संघपाल